एक्झिक्युटर दुसऱ्या राज्यात राहत असेल तर: अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी मृत्युपत्राचे नियोजन

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मृत्युपत्राचा विषय निघतो तेव्हा मालमत्ता कोणाला द्यायची, हे बहुधा घरात आधीच ठरलेले असते. गाडी अडते ती एक्झिक्युटर म्हणून कोणाचे नाव घालायचे या प्रश्नापाशी. आई-वडील न्यू जर्सीत एडिसनला, मुलगी कॅलिफोर्नियात, मुलगा टेक्सासमध्ये, सख्खा भाऊ पुण्यात आणि ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा असे मित्र निवृत्तीनंतर फ्लोरिडाला गेलेले, अशी परिस्थिती आता अपवादात्मक राहिलेली नाही. भरवशाचे माणूस आहे, पण ते आपल्या राज्यात नाही, आणि त्यामुळे कित्येक जोडपी मृत्युपत्र करण्याचेच वर्षानुवर्षे लांबणीवर टाकतात. माझे मत असे आहे की केवळ अंतरासाठी योग्य माणूस सोडून देण्याची वेळ फार थोड्या कुटुंबांवर येते. मात्र त्या अंतरामुळे ज्या अडचणी उभ्या राहणार आहेत, त्यांची सोय मृत्युपत्र करणाऱ्यानेच आपल्या हयातीत करून ठेवायला हवी, कारण नंतर ती करणे एक्झिक्युटरच्या हातात राहत नाही.

एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्रातील इच्छा अमलात आणण्यासाठी नाव दिलेली व्यक्ती. फ्लोरिडासारख्या राज्यांत तिला पर्सनल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतात, काम तेच असते. मृत्युपत्रात नाव असले म्हणजे अधिकार मिळाला असे होत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मूळ मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला न्यायालयात सादर करावा लागतो, न्यायालय मृत्युपत्र ग्राह्य धरते, याला प्रोबेट म्हणतात, आणि त्यानंतर लेटर्स टेस्टामेंटरी या नावाचे नेमणूकपत्र मिळते. ते हाती येईपर्यंत बँक खात्यातील शिल्लकसुद्धा सांगत नाही. नेमणूक झाल्यावर एक्झिक्युटरने मालमत्तेची यादी करायची, इस्टेटीसाठी, म्हणजे मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेसाठी, स्वतंत्र कर क्रमांक घेऊन बँक खाते उघडायचे, देणेकऱ्यांची देणी फेडायची, मृताचे अखेरचे आयकर विवरणपत्र भरायचे, घर विकायचे किंवा वारसाच्या नावावर करायचे आणि शेवटी सर्व हिशेब मांडून वाटप करायचे असते. फेडरल इस्टेट कराची मर्यादा २०२६ मध्ये अमेरिकेत कायम वास्तव्य असलेल्या व्यक्तीसाठी १ कोटी ५० लाख डॉलर इतकी मोठी असल्यामुळे बहुतेक कुटुंबांना त्याचे विवरणपत्र भरावे लागत नाही, पण ज्यांना भरावे लागते त्यांच्यासाठी मुदत मृत्यूपासून ९ महिन्यांची असते. सरकारचा कर बाकी असताना एक्झिक्युटरने वारसांना आधी पैसे वाटून टाकले आणि नंतर कर भरायला इस्टेटीत काही उरले नाही, तर तो कर एक्झिक्युटरकडून व्यक्तिशः वसूल होऊ शकतो. हे वाचल्यावर माणूस शेजारच्या गल्लीत राहतो की विमानाने पाच तासांवर, यापेक्षा तो कागदपत्रांत काटेकोर आहे की नाही, याला अधिक महत्त्व का द्यायचे, ते लक्षात येते.

कोणत्या राज्याचा कायदा लागू होतो

येथे गोंधळ होतो तो असा, की एक्झिक्युटर जिथे राहतो त्या राज्याचे नियम लोक शोधत बसतात. पाहायचे असतात ते दोनच ठिकाणचे नियम. पहिले ठिकाण म्हणजे मृत्यूच्या वेळी मृत व्यक्तीचे कायमचे वास्तव्य ज्या राज्यात होते ते. मुख्य प्रोबेट तिथल्या काउंटीच्या न्यायालयात होते. दुसरे म्हणजे जमीन, घर, कॉन्डो अशी स्थावर मालमत्ता ज्या राज्यात आहे ते. बँकेतील पैसे आणि शेअर मालकाच्या वास्तव्याबरोबर जातात, पण स्थावर मालमत्तेवर ती जिथे उभी आहे त्याच राज्याच्या न्यायालयाचा अधिकार चालतो.

परराज्यातील एक्झिक्युटर सर्वच राज्यांत चालतो, पण प्रत्येक राज्याच्या अटी वेगळ्या आहेत, आणि त्या माहीत नसल्या तर काळजीपूर्वक केलेले मृत्युपत्रही पहिल्याच पायरीवर अडते.

फ्लोरिडाचा नियम सर्वांत कडक म्हणावा लागेल, आणि निवृत्तीनंतर तिकडे जाणाऱ्यांची संख्या पाहता तो प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. तेथे परराज्यातील व्यक्तीला पर्सनल रिप्रेझेंटेटिव्ह होण्यासाठी मृताशी कायद्याने सांगितलेले नाते असावे लागते. पती किंवा पत्नी, मुले-नातवंडे, आई-वडील, दत्तक मूल किंवा दत्तक घेणारे पालक, भाऊ-बहीण, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे, त्यांच्या थेट वंशरेषेतील व्यक्ती आणि अशा नातेवाइकांचे जोडीदार, एवढ्यांनाच मुभा आहे. म्हणजे न्यू जर्सीतील जावई चालेल, पण न्यू जर्सीतील तीस वर्षांचा जिवलग मित्र चालणार नाही, मग मृत्युपत्रात त्याच्याविषयी कितीही विश्वासाने लिहिलेले असो. आपल्याकडे चुलत आणि मावस भावंडे सख्ख्यांइतकी जवळची मानली जातात. काकांचा मुलगा म्हणून चुलतभावालाही या यादीत स्थान आहे, त्यामुळे डॅलसमधील चुलतभावाचे नाव फ्लोरिडातील मृत्युपत्रात घालता येते. केंटकीतही परराज्यातील एक्झिक्युटरचे मृताशी रक्ताचे, विवाहाचे किंवा दत्तकविधानाचे नाते असावे लागते. ओहायोत नाते नसले तरी चालते, पण मग एक्झिक्युटर ज्या राज्यात राहतो त्या राज्याचा कायदा नाते नसलेल्या परराज्यातील व्यक्तीला अशी नेमणूक देणारा असावा लागतो. एक्झिक्युटरच्या स्वतःच्या राज्याचा कायदा तपासावा लागण्याचा हा एक अपवाद आहे.

टेक्सासमध्ये नात्याची अट नाही. तेथे परराज्यातील एक्झिक्युटरने टेक्सासमध्ये राहणारा एक प्रतिनिधी नेमून त्याचे नाव न्यायालयात नोंदवायचे असते, जेणेकरून इस्टेटीवर कोणी दावा लावला तर नोटीस बजावायला राज्यात एक ठिकाण असावे. बहुधा ज्या वकिलाकडे प्रोबेटचे काम दिलेले असते तोच हे पद घेतो, त्यामुळे ही अट कागदावर दिसते तितकी जड नाही. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय ही राज्येही परराज्यातील व्यक्तीला नेमतात, परंतु मृत्युपत्रात बाँड, म्हणजे गैरव्यवहार झाल्यास भरपाईची हमी, माफ केलेला असला तरी अशा व्यक्तीकडून तो मागण्याचा अधिकार न्यायालय राखून ठेवते.

न्यूयॉर्कच्या नियमाकडे आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यायला हवे, कारण तो राज्यापेक्षा नागरिकत्वावर बोट ठेवतो. अमेरिकन नागरिक कोणत्याही राज्यात राहत असला तरी तो न्यूयॉर्कमध्ये एक्झिक्युटर होऊ शकतो. मात्र जी व्यक्ती अमेरिकन नागरिकही नाही आणि न्यूयॉर्कमध्ये जिचे कायम वास्तव्यही नाही, ती एकटी एक्झिक्युटर होऊ शकत नाही. तिच्या जोडीला न्यूयॉर्कमध्ये राहणारा दुसरा एक्झिक्युटर असावा लागतो. पुण्यातल्या भावाला हा नियम लागू होणार हे उघड आहे. पण नदीपलीकडे जर्सी सिटीत राहणारा, ग्रीन कार्ड असलेला किंवा अजून एच-१बी व्हिसावर असलेला भाऊसुद्धा या नियमात अडकू शकतो, याचा विचार क्वचितच केला जातो. ग्रीन कार्डासाठी भारतीयांना जी वर्षानुवर्षांची वाट पाहावी लागते, ती लक्षात घेता न्यूयॉर्कमध्ये मृत्युपत्र करणाऱ्याने एक्झिक्युटरचे नागरिकत्व वकिलाला आधीच सांगितले पाहिजे.

न्यू जर्सी त्यामानाने सोपे आहे. तेथे काउंटीच्या सरोगेट कार्यालयात प्रोबेट होते, मृत्यूनंतर १० दिवस उलटल्याशिवाय ते मृत्युपत्र दाखल करून घेत नाहीत, आणि मृत्युपत्र नीट केलेले असेल व कोणी हरकत घेतली नसेल तर काम फार लांबत नाही. नेमणुकीचे जे प्रमाणपत्र बँकांना द्यायचे असते त्याला तेथे शॉर्ट सर्टिफिकेट म्हणतात. परराज्यातील एक्झिक्युटरच्या बाबतीत तेथे महत्त्वाचा ठरतो तो बाँडचा मुद्दा.

बाँड म्हणजे काय आणि तो का टाळावा

एक्झिक्युटरने पैशांत गैरव्यवहार केला किंवा हलगर्जीपणा केला, तर वारसांचे आणि देणेकऱ्यांचे नुकसान भरून देण्याची हमी एखादी कंपनी घेते, तिला बाँड म्हणतात. एक्झिक्युटर राज्याबाहेरचा असला की न्यायालयाचा हात त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाही, म्हणून अनेक राज्यांत त्याच्याकडून असा बाँड मागितला जातो. त्याचा हप्ता इस्टेटीच्या रकमेच्या प्रमाणात असतो आणि काम संपेपर्यंत दर वर्षी इस्टेटीतून भरावा लागतो. खर्चापेक्षाही मोठी अडचण अशी, की बाँड देणारी कंपनी एक्झिक्युटरची पत तपासते. ज्याचा अमेरिकेत क्रेडिटचा इतिहासच नाही, अशा भारतातील नातेवाइकाला बाँड मिळणे जवळजवळ अशक्य होते, आणि मग नेमणूकच हातची जाते.

उपाय एका वाक्याचा आहे. एक्झिक्युटर कोणत्याही राज्यात राहत असला तरी त्याच्याकडून बाँड घेऊ नये, असे मृत्युपत्रात स्पष्ट लिहावे. "कोणत्याही राज्यात" हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसते "बाँड माफ" असे लिहिले आणि पुढे एखाद्या न्यायालयाने परराज्यातील व्यक्तीला ती माफी लागू आहे का, असा प्रश्न काढला, तर उत्तर द्यायला मृत्युपत्र करणारा हयात नसतो. कॅलिफोर्निया किंवा इलिनॉयसारख्या राज्यात न्यायालय तरीही बाँड मागू शकते, पण करणाऱ्याची स्पष्ट इच्छा न्यायाधीशासमोर असली तर तसे होण्याची शक्यता कमी होते. वारसांमध्ये वाद आहेत, दुसऱ्या विवाहातील मुले आहेत, किंवा एक्झिक्युटरच्या आर्थिक स्थितीबद्दल मनात शंका आहे, अशा घरांत मात्र मी बाँड माफ करण्याचा आग्रह धरणार नाही. तिथे हप्त्याचा खर्च हा वारसांच्या संरक्षणासाठी दिलेला पैसा आहे.

दुसऱ्या राज्यातील घर

एक उदाहरण घेऊ. एडिसनमधील एका जोडप्याने आपल्या जुन्या मित्राला एक्झिक्युटर नेमले. मित्र पेन्सिल्व्हेनियात राहतो. न्यू जर्सीचे घर, बँकेतील ठेवी, गुंतवणुकीची खाती, सारे न्यू जर्सीच्या प्रोबेटमध्ये येते आणि तेथे मित्राची नेमणूक होण्यात कायद्याची आडकाठी नाही. पण हिवाळ्यात राहण्यासाठी त्यांनी टॅम्पाजवळ एक कॉन्डो घेतलेला आहे. तो त्यांच्या स्वतःच्या नावावर असेल तर न्यू जर्सीच्या प्रोबेटने त्याचे हस्तांतर होत नाही. फ्लोरिडात वेगळे, दुय्यम प्रोबेट करावे लागते. आणि त्या दुय्यम प्रोबेटमध्ये फ्लोरिडाची नात्याची अट लागू होते, म्हणून न्यू जर्सीत पात्र असलेला हाच मित्र तेथे अपात्र ठरतो. मृत्युपत्रात पर्यायी नाव असेल आणि ती व्यक्ती फ्लोरिडाच्या कसोटीला उतरत असेल तर तिची नेमणूक होते. नसेल तर ज्यांना मालमत्ता मिळायची आहे त्यांच्यातील बहुमताने कोणाची तरी निवड करावी लागते. दोन राज्यांत दोन वकील, दोन ठिकाणची फी आणि तोपर्यंत कॉन्डोचा मासिक देखभाल खर्च, विमा आणि मालमत्ता कर चालूच.

हे टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या राज्यातील घर हयातीतच आपल्या रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्टच्या नावावर करणे. हा ट्रस्ट आपण हयात असेपर्यंत पूर्णपणे आपल्या ताब्यात असतो, तो बदलता येतो, मोडता येतो, आणि मृत्यूनंतर आपण नेमलेला पुढचा विश्वस्त न्यायालयात न जाता घर विकू शकतो किंवा वारसाला देऊ शकतो. विश्वस्ताला फ्लोरिडाची ती नात्याची अट लागू नाही. फक्त एक गोष्ट विसरून चालत नाही: ट्रस्टचा करार करून तो कपाटात ठेवला आणि घराचे खरेदीखत ट्रस्टच्या नावावर करून काउंटीत नोंदवलेच नाही, तर घर जुन्या नावावरच राहते आणि प्रोबेट टळत नाही. वकिलाची फी भरूनही हा शेवटचा कागद राहून गेलेला असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया यांसारख्या अनेक राज्यांत याहून स्वस्त मार्गही आहे. मृत्यूनंतर घर थेट अमुक व्यक्तीकडे जावे, असे खत हयातीत नोंदवता येते आणि ते हवे तेव्हा रद्दही करता येते.

ट्रस्टचा विश्वस्त परराज्यात असला तर कराचा एक वेगळाच मुद्दा निघतो. मृत व्यक्तीच्या इस्टेटीवर कॅलिफोर्निया कर लावते तो मृताच्या वास्तव्यावरून, एक्झिक्युटर कोठे राहतो याने फरक पडत नाही. ट्रस्टचे तसे नाही. विश्वस्त कॅलिफोर्नियात राहत असेल तर न्यू जर्सीत केलेल्या ट्रस्टच्या उत्पन्नावरही कॅलिफोर्नियाचा कर लागू शकतो. सॅन होजेमधील मुलीला पुढची विश्वस्त नेमताना, विशेषतः ट्रस्ट नातवंडांसाठी अनेक वर्षे चालू राहणार असेल तर, कर सल्लागाराला हा प्रश्न आवर्जून विचारावा.

बरीच मालमत्ता अशी असते की ती मृत्युपत्राच्या कक्षेत येतच नाही. ४०१(के) आणि आयआरए ही निवृत्तीची खाती, आयुर्विमा, तसेच मृत्यूनंतर कोणाला द्यायचे ते नोंदवलेली बँक खाती थेट नोंदवलेल्या व्यक्तीकडे जातात आणि संयुक्त नावाने, उत्तरजीवी हक्कासह असलेले घर हयात जोडीदाराचे होते. ही नावे जितकी अचूक, तितके दूरच्या एक्झिक्युटरचे काम हलके. अविवाहित असताना अमेरिकेत आलेल्या अनेकांनी पहिल्या नोकरीत विम्यावर आईचे किंवा वडिलांचे नाव घातलेले असते, आणि लग्न, मुले, घर सगळे झाले तरी ते नाव तसेच राहते. मृत्युपत्र कितीही चांगले असले तरी विमा कंपनी पैसे तिच्याकडे नोंदवलेल्या नावालाच देते.

एक्झिक्युटर भारतात असेल तर

पुण्या-मुंबईतील सख्ख्या भावाला एक्झिक्युटर करण्याची इच्छा अगदी स्वाभाविक आहे आणि काही राज्यांत ते कायद्याने शक्यही आहे. तरीही मी सहसा तसे न करण्याचा सल्ला देईन, आणि त्याचे कारण भावावरचा अविश्वास नाही. इलिनॉयमध्ये एक्झिक्युटर अमेरिकेतच राहणारा असावा लागतो, न्यूयॉर्कची अट वर आलीच आहे. जेथे कायदा आडवा येत नाही तेथे बँका आडव्या येतात. इस्टेटीचे खाते उघडण्यासाठी अनेक बँका एक्झिक्युटरला शाखेत प्रत्यक्ष यायला सांगतात. शेअर आणि म्युच्युअल फंड हस्तांतरित करताना मेडॅलियन सिग्नेचर गॅरंटी नावाचा सहीच्या खरेपणाचा विशेष शिक्का लागतो आणि तो भारतातील नोटरी किंवा बँक देऊ शकत नाही. भारतात केलेले मुखत्यारपत्र अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जावे असे सरकारी प्रमाणीकरण घेऊन, अमेरिकेत वापरता येते, कारण दोन्ही देश अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, पण एक्झिक्युटरने आपले सर्व अधिकार मुखत्याराकडे सोपवून मोकळे व्हावे, याला कायदा परवानगी देत नाही. व्हिसाची अनिश्चितता आणि साडेनऊ ते साडेतेरा तासांचा वेळेतला फरक यांचा त्रास वेगळाच.

ट्रस्टच्या बाबतीत धोका अधिक मोठा आहे. ट्रस्टचे महत्त्वाचे निर्णय घेण्याचा अधिकार अमेरिकेच्या करकायद्याने परकीय ठरणाऱ्या व्यक्तीच्या हाती गेला, तर तो ट्रस्टच परकीय मानला जातो आणि त्यावर कडक नोंदी, अहवाल आणि दंड यांची मालिका सुरू होते. विश्वस्ताच्या मृत्यूसारख्या अनपेक्षित कारणाने असे घडले तर ते दुरुस्त करायला १२ महिन्यांची मुदत मिळते, पण ट्रस्टच्या करारातच भारतातील भावाचे नाव पुढचा विश्वस्त म्हणून लिहून ठेवले असेल तर तो अनपेक्षित प्रसंग म्हणता येणार नाही. भावाचे स्थान दुसरीकडे आहे. लहान मुले असतील तर त्यांना कोणाच्या हाती सोपवायचे हा निर्णय एक्झिक्युटरच्या नेमणुकीपासून वेगळा असतो. मुलांचे पालकत्व भारतातील काका-काकूंकडे आणि पैशांचा व्यवहार अमेरिकेतील व्यक्तीकडे, अशी विभागणी करता येते. तसे करताना नातेवाईक पोहोचेपर्यंत मुलांना सांभाळण्यासाठी जवळ राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे नाव तात्पुरते पालक म्हणून लिहून ठेवणे फार आवश्यक आहे, कारण त्या पहिल्या काही दिवसांत मुलांसाठी उभे राहायला कायद्याने अधिकार असलेले कोणी नसेल तर निर्णय शासनाकडे जातो.

दूरच्या माणसाचे काम सोपे करण्यासाठी

परराज्यातील एक्झिक्युटरला खरा त्रास न्यायालयात होत नाही, घरात होतो. प्रोबेटची कामे स्थानिक वकील करतो आणि त्याची फी इस्टेटीतून जाते. पण रिकामे घर सांभाळणे, आतले सामान काढणे, पत्रव्यवहार पाहणे ही कामे प्रत्यक्ष हजेरी मागतात. जानेवारीत न्यू जर्सीतील रिकाम्या घराची हीटिंग बंद पडली तर पाइप गोठून फुटतात. घर ३० किंवा ६० दिवसांपेक्षा अधिक काळ रिकामे राहिल्यास अनेक विमा पॉलिसींत काही नुकसानींची भरपाई मिळत नाही, म्हणून एक्झिक्युटरने विमा कंपनीला लगेच कळवून रिकाम्या घराचे संरक्षण घ्यायला हवे. मृताची टपालातील पत्रे आपल्या पत्त्यावर वळवण्यासाठी नेमणुकीचा पुरावा घेऊन टपाल कार्यालयात स्वतः जावे लागते. अशा कामांसाठी किल्ली असलेला एखादा शेजारी किंवा मित्र कोण, हे एक्झिक्युटरला आधी माहीत असले पाहिजे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ मृत्युपत्र कोठे आहे हे त्याला ठाऊक असणे. न्यायालयाला मूळ प्रत लागते, आणि ती करणाऱ्याच्या ताब्यात असताना सापडेनाशी झाली तर त्याने ती स्वतःच नष्ट करून मृत्युपत्र रद्द केले असावे, असे गृहीत धरले जाऊ शकते. बँकेच्या लॉकरमध्ये ती ठेवली आणि लॉकर फक्त मृताच्या नावावर असला, तर तो उघडायला नेमणूकपत्र लागते आणि नेमणूकपत्र मिळवायला लॉकरमधील मृत्युपत्र लागते, असा पेच पडू शकतो. आगीपासून सुरक्षित अशा घरातील तिजोरीत किंवा वकिलाकडे ठेवून त्याची माहिती एक्झिक्युटरला लेखी कळवणे बरे. मृत्युपत्राला साक्षीदारांचे नोटरीसमोर केलेले शपथपत्र जोडलेले असेल तर पुढे साक्षीदारांना शोधून न्यायालयात आणावे लागत नाही. दूर राहणाऱ्या एक्झिक्युटरसाठी या एका कागदाने किती धावपळ वाचते, ते सांगायला नको. खाती, विमा, कर्जे, करविवरणपत्रे, वकील आणि कर सल्लागार यांची एक यादी करून ती दर वर्षी आयकर भरताना ताजी करावी. पासवर्ड मृत्युपत्रात कधीच लिहू नयेत, कारण प्रोबेटनंतर मृत्युपत्र सार्वजनिक दस्तऐवज होते.

स्थानिक आणि परराज्यातील असे दोन एक्झिक्युटर एकत्र नेमावेत, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. दोघांचे जमत असेल तर तो चांगला आहे, परंतु प्रत्येक कागदावर दोघांच्याही सह्या लागल्या तर अंतराची अडचण दुप्पट होते. म्हणून नेहमीची कामे कोणाही एकाच्या सहीने व्हावीत आणि घर विकण्यासारखे निर्णय दोघांनी मिळून घ्यावेत, असे मृत्युपत्रात लिहिता येते. एकाच मुलाला नेमले तर दुसऱ्याला वाईट वाटेल, एवढ्याच कारणासाठी दोन्ही मुलांना एकत्र नेमण्याची आपल्याकडची प्रवृत्ती मला धोक्याची वाटते. ज्याला हे काम जमेल त्याला नेमावे आणि दुसऱ्याला त्याचे कारण स्वतःच्या तोंडाने सांगावे. कोणीच योग्य नसेल आणि मालमत्ता पुरेशी मोठी असेल, तर बँकेच्या ट्रस्ट विभागाला किंवा व्यावसायिक विश्वस्ताला नेमता येते. शिवाय पहिल्या नावामागे किमान एक पर्यायी नाव असावे, आणि ते शक्यतो मृत्युपत्र करणाऱ्याच्या राज्यात राहणाऱ्याचे असावे.

मोबदल्याबद्दल आपल्या घरांत संकोच असतो. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार एक्झिक्युटरला इस्टेटीच्या पहिल्या २ लाख डॉलरवर ५ टक्के, त्यापुढे १० लाखांपर्यंत साडेतीन टक्के आणि त्यावरील रकमेवर २ टक्के असे कमिशन घेता येते. ते त्याचे करपात्र उत्पन्न असते, त्यामुळे स्वतः वारस असलेली मुले अनेकदा ते घेत नाहीत. पण विमानाचे भाडे, हॉटेल, गाडी हा खर्च वेगळा आहे, आणि तो इस्टेटीतून द्यावा असे मृत्युपत्रात स्पष्ट लिहिले तर कॅलिफोर्नियाहून तीन-चार वेळा येणाऱ्या मुलीला भावंडांसमोर प्रत्येक बिलाचे समर्थन करत बसावे लागत नाही.

राज्य बदलले की मृत्युपत्र पुन्हा तपासून घ्यावे. न्यू जर्सीत नीट केलेले मृत्युपत्र फ्लोरिडात साधारणतः ग्राह्य धरले जाते, पण त्यात नेमलेला मित्र तेथे एक्झिक्युटर होऊ शकेलच असे नाही. निवृत्तीनंतर फ्लोरिडाला किंवा टेक्सासला जाणाऱ्यांनी नव्या राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स काढण्याच्या सुमारासच तेथील वकिलाला जुने मृत्युपत्र दाखवावे. एक्झिक्युटर स्वतः दुसऱ्या राज्यात गेला, त्याचे नागरिकत्व बदलले, किंवा ज्याच्या विवाहामुळे नाते होते त्याचा घटस्फोट झाला, तरी हीच तपासणी लागते.

भारतातील मालमत्तेचा विचार मात्र अमेरिकेतील एक्झिक्युटरवर सोडू नये. पुण्यातील फ्लॅट किंवा कोकणातील जमीन यांचा वारसा, मालक जगात कोठेही राहत असला तरी, भारताच्या कायद्याने ठरतो. सोसायटीत नॉमिनी म्हणून नोंदवलेले नाव मालकी ठरवत नाही. म्हणून भारतातील मालमत्तेपुरते वेगळे मृत्युपत्र करून त्यात तेथे राहणाऱ्या भावाला किंवा बहिणीला व्यवस्थापक नेमणे सोयीचे असते. ज्या भावाला अमेरिकेत नेमणे अवघड होते तोच येथे सर्वांत योग्य माणूस ठरतो. फक्त दोन्ही मृत्युपत्रे करताना एका वाक्याकडे बारकाईने पाहावे. "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक छापील नमुन्यात असते, आणि नंतर केलेल्या मृत्युपत्रात ते तसेच राहिले तर दुसऱ्या देशातील आधीचे मृत्युपत्र त्याने रद्द होऊ शकते. ते दुरुस्त करून, हे मृत्युपत्र केवळ भारतातील मालमत्तेपुरते आहे आणि ते अमेरिकेतील मृत्युपत्राला बाधा आणीत नाही, असे भारतातील मृत्युपत्रात, आणि तसेच उलट अमेरिकेतील मृत्युपत्रात, लिहून घ्यावे, व दोन्ही वकिलांना एकमेकांचा मसुदा सह्या होण्यापूर्वी वाचायला द्यावा.